रोज सोबत न्यायचा लॅपटॉप: काय पाहून घ्यावा, कसा वापरावा

लॅपटॉप घ्यायला गेल्यावर बहुतेक जण आधी प्रोसेसर विचारतात, मग रॅम, मग किंमत. ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून फारसा हलणार नाही त्यांना हा क्रम चालून जातो. पण काहींना तो रोज पाठीवर घेऊन लोकल पकडायची असते, एसटीने तालुक्याच्या गावी जायचं असतं, साइटवर, कोर्टात किंवा अभ्यासिकेत बसून काम करायचं असतं. त्यांनी हा क्रम बदलायला हवा. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे: जे नंतर बदलता येत नाही ते आधी पाहा आणि पैसे तिथे घाला. वजन, आकार, कीबोर्ड, स्क्रीन आणि हलक्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅमसुद्धा, हे सगळं खरेदीच्या दिवशी ठरतं ते कायमचं. स्टोरेज बऱ्याच मॉडेलांत वाढवता येतं, बॅटरी बदलता येते, चार्जर दुसरा घेता येतो. तिथे थोडी तडजोड झाली तरी पुढे सावरता येते.

वजन आणि आकार

जाहिरातीतलं वजन फक्त लॅपटॉपचं असतं. खांद्यावर येतं ते लॅपटॉप, चार्जर, वायर, माऊस, डबा आणि पाण्याची बाटली यांचं मिळून. मध्ये ठोकळा असलेला जुन्या धाटणीचा चार्जर आणि त्याची जाड वायर मिळूनच पाव किलोच्या वर जातात. त्याच कामाचा ६५ वॅटचा छोटा गॅन चार्जर वायर धरून दोनशे ग्रॅमच्या आसपास बसतो. म्हणून लॅपटॉपचं वजन विचारताना चार्जरचंही विचारा.

साधा १५.६ इंची लॅपटॉप साधारण १.६ ते १.९ किलोचा असतो. १३ ते १४ इंची हलके लॅपटॉप १ ते १.४ किलोच्या दरम्यान मिळतात. कागदावर हा फरक अर्धा किलोचा वाटतो, पण दादरच्या पुलावर गर्दीत उभं राहिल्यावर तो खांद्याला कळतो. रोज उभ्याने प्रवास असेल तर १.३ किलोच्या वर जाऊ नये असं मी सुचवेन.

आकार तपासायची सोपी युक्ती म्हणजे दुकानात जाताना ए-फोर कागद सोबत न्यावा. तो २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. १३ इंची लॅपटॉप साधारण त्याच मापाचे असतात. २०२२ पासूनचा १३ इंची मॅकबुक एअर ३०.४ बाय २१.५ सेंटिमीटरचा आहे, वजन १.२४ किलो. हा आकार बसमध्ये मांडीवर मावतो आणि पुढच्या प्रवाशाने सीट मागे टेकवली तरी स्क्रीन बंद करावी लागत नाही. १५ इंचीला ही सोय नाही.

याहून लहान घ्यावा का? २००७ साली आसुसने ई पीसी ७०१ आणला. स्क्रीन ७ इंचांची, वजन किलोच्या आत, किंमत त्या काळच्या लॅपटॉपच्या मानाने खूपच कमी. त्यातून नेटबुकांची लाटच आली. पण त्या स्क्रीनवर वेबपानं धड मावत नसत आणि कळा इतक्या लहान होत्या की सलग टंकलेखन करणाऱ्यांची बोटं अडखळत. पुढच्याच वर्षी आलेल्या मॅकबुक एअरने उलट मार्ग धरला: कीबोर्ड आणि स्क्रीन पूर्ण मापाचे ठेवले आणि कमी केली ती जाडी. आजचे बहुतेक चांगले हलके लॅपटॉप याच मार्गाने आले आहेत. लांबी-रुंदी एका मर्यादेपलीकडे कमी केली की त्रास सुरू होतो. ११ इंची लॅपटॉप नोंदी, ईमेल आणि वाचनासाठी ठीक आहे. दिवसाला दोन-चार तास लिहायचं असेल तर १३ इंचांच्या खाली उतरू नका.

टॅब्लेटला कीबोर्ड जोडून काम भागेल का, असाही प्रश्न येतो. टेबलावर भागतं. मांडीवर मात्र मागे टेकू लावून उभे राहणारे टॅब्लेट डळमळतात, कारण टेकूला मागे जागा लागते आणि तेवढी मांडी लांब नसते. प्रवासात लिहिणाऱ्याने बिजागरीचाच लॅपटॉप घ्यावा.

कीबोर्ड: मराठी टाइप करून पाहा

दुकानात ठेवलेल्या लॅपटॉपवर आपण दोन-चार इंग्रजी अक्षरं दाबून पाहतो. मराठीत लिहिणाऱ्याला तेवढं पुरत नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहिणाऱ्यांनी तर कीबोर्डची उजवी कड नीट तपासावी. इन्स्क्रिप्टमध्ये च, ट, ड आणि ॉ ही चारही चिन्हं उजव्या करंगळीकडच्या कळांवर आहेत: च अर्धविरामाच्या कळेवर, ट त्याच्या शेजारी, ड चौकटी कंसावर आणि ॉ उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर. लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला कंपन्या नेमक्या याच कळा अरुंद करतात, कधी ओळ बदलून भलतीकडे नेतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या क्वचित लागतात म्हणून त्याचं बिघडत नाही. मराठीत ऑफिस, कॉलेज, डॉक्टर, लॅपटॉप लिहिताना दर ओळीत बोट तिकडे जातं.

म्हणून दुकानदाराला विनंती करून सेटिंग्जमध्ये मराठी कीबोर्ड सुरू करून घ्या. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आधीपासून असतो, तो जोडायला मिनिटभर लागतं. मग एक वाक्य पाचसहा वेळा टाइप करा: ‘डॉक्टरांनी चटकन टॉर्च लावला.’ वरच्या चारही कळा यात येतात. बोट चुकीच्या कळेवर पडत असेल किंवा दर वेळी खाली बघावं लागत असेल, तर तो कीबोर्ड तुमच्यासाठी नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, पण कळ दाबल्याचं बोटाला नीट कळतं का, हे त्यांनीही पाहावं. मधोमध दाबल्यावर पट्टी खाली वाकत असेल तर तो कीबोर्ड लांबच्या लिखाणाला बरा नाही. कळांखाली उजेड असेल तर रात्रीच्या गाडीत सहप्रवाशांना दिव्याचा त्रास न देता काम करता येतं.

स्क्रीन: जोडाक्षरं वाचून पाहा

स्क्रीनचं रिझोल्यूशन किमान १९२० बाय १०८० असावं. स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये अजूनही १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन दिसते. त्यावर इंग्रजी वाचता येतं, पण देवनागरीची बारीक वळणं एकमेकांत मिसळतात. रफार आणि अनुस्वार शेजारी आले की नेमकं काय लिहिलंय ते कळत नाही, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक ओळखू येत नाही, आणि मुद्रितं तपासणाऱ्यांचे डोळे तासाभरात थकतात. स्वतःचा एखादा मराठी मजकूर पेनड्राइव्हवर न्या, नेहमीच्या अक्षरमापात उघडा आणि तत्त्व, उद्ध्वस्त, वाङ्मय, वर्षांपूर्वी असे शब्द शोधून वाचा.

१६:१० प्रमाणाची स्क्रीन मिळत असेल तर ती घ्या. ती १६:९ पेक्षा थोडी उंच असते, त्यामुळे दस्तऐवजाच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन खोलीत ठीक असते, पण गाडीच्या खिडकीशी बसलं की फिकट पडते. ३०० निट्स किमान धरा, ४०० असेल तर उत्तम. चकचकीत स्क्रीनपेक्षा मॅट स्क्रीनवर बाहेरच्या उजेडाचं प्रतिबिंब कमी पडतं. पॅनेल आयपीएस किंवा ओलेड असावं. जुन्या टीएन पॅनेलवर मान जरा हलली तरी रंग बदलतात.

रॅम, स्टोरेज आणि प्रोसेसर

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ‘नंतर वाढवू’ म्हणण्याआधी त्या मॉडेलमध्ये वाढवायची सोय आहे का, हे विचाराच. ब्राउझरचे दहाबारा टॅब, व्हॉट्सॲप, वर्ड आणि मध्येच व्हिडिओ कॉल एवढं रोजचं काम असेल तर १६ जीबी घ्या. आज ८ जीबीत भागतं, पण पाच वर्षं वापरायचा असेल तर ते अपुरं पडण्याची शक्यता मोठी. प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन रॅम दुप्पट मिळत असेल तर बेधडक तसं करा.

स्टोरेज एसएसडी असावं, शक्यतो ५१२ जीबी. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी असतं, ते संथ असतं आणि बदलताही येत नाही. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. एवढ्याच जागेत अपडेट आले की स्वतःच्या फाइलींना जागा उरत नाही.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं वाचायला शिका. इंटेल आणि एएमडी दोघांच्या नावात शेवटी यू असेल तर तो कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपसाठीचा. एच असेल तर ताकद जास्त, पण उष्णता आणि पंख्याचा आवाजही जास्त. इंटेलचे एन १००, एन २०० हे प्रोसेसर नोंदी, ब्राउझर आणि व्हिडिओ पाहणं एवढ्यापुरते ठीक आहेत, फोटो-व्हिडिओ संपादनासाठी नाहीत. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, पण पहिल्यात २०१९ च्या झेन २ रचनेचे गाभे आहेत आणि दुसऱ्यात झेन ४ चे. मधल्या त्या २ आणि ४ मध्ये दोन पिढ्यांचं अंतर आहे.

२०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप मिळतात. बॅटरी टिकण्यात ते चांगले आहेत. पण ते एआरएम रचनेचे असल्याने प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचे टोकन, जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरची यूएसबी कुलपं यांना त्या रचनेसाठी लिहिलेला ड्रायव्हर लागतो. जुनं सॉफ्टवेअर त्यावर बऱ्याचदा चालतं, जुना ड्रायव्हर चालत नाही. वकील, सीए आणि डीटीपी करणाऱ्यांनी आपलं टोकन किंवा कुलूप दुकानात लावून पाहिल्याशिवाय हे लॅपटॉप घेऊ नयेत.

सगळं काम ब्राउझरमध्येच होणाऱ्या विद्यार्थ्यांना क्रोमबुक परवडतं. मात्र ‘नवं’ म्हणून विकायला ठेवलेलं मॉडेल मुळात कधी आलं, ते तपासा. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं ते व्यासपीठ बाजारात आल्यापासून मोजतात. तुम्ही कधी विकत घेतलं याला त्यात महत्त्व नाही.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा

‘१५ तास बॅटरी’ हा दावा बहुधा उजेड कमी ठेवून सलग व्हिडिओ चालवून काढलेला असतो. त्याऐवजी बॅटरी किती वॅट-अवरची आहे ते विचारा. लिहिणं आणि ब्राउझर एवढ्या कामाला हलका लॅपटॉप साधारण ६ ते ८ वॅट खातो. ५० वॅट-अवरला ७ ने भागलं की सात तास येतात. व्हिडिओ कॉलमध्ये खर्च दुप्पट होतो, म्हणजे तास निम्मे. बॅटरी जुनी होईल तसे ते आणखी घटतील, तेव्हा तुमच्या गरजेपेक्षा दीडपट क्षमता धरून चाला.

चार्जिंग यूएसबी-सी पोर्टवरून होतं ना, हे पाहाच. मग फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर पुरतो आणि तो विसरला तर गावातल्या मोबाईलच्या दुकानातूनही काम भागू शकतं. हलक्या लॅपटॉपला बहुधा ४५ ते ६५ वॅटचा, पॉवर डिलिव्हरीचा चार्जर लागतो. वायरही तेवढी वीज नेणारी हवी. साधी यूएसबी-सी वायर ६० वॅटपर्यंत चालते, त्यापुढे पाच अँपियरची लागते. पॉवर बँक घेताना तीही पॉवर डिलिव्हरीची आणि किमान ४५ वॅटची पाहा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची परवानगी न घेता नेता येते, पण हातातल्या बॅगेतूनच. चेक-इन सामानात ती ठेवू नका.

धातूच्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर लावला की अंगावर हलक्या झिणझिण्या येतात. चार्जरमधून झिरपणाऱ्या अगदी अल्प विजेमुळे ते होतं. चांगल्या चार्जरच्या बाबतीत त्यात सहसा धोका नसतो, पण काम करताना ते नकोसं वाटतं. कंपनीची तीन पिनांची वायर मिळत असेल तर ती घ्या आणि अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा, झिणझिण्या जातात.

वापरलेला घ्यायचा असेल तर

बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांमधून परत आलेला जुना बिझनेस लॅपटॉप मला जास्त योग्य वाटतो. लेनोवोची थिंकपॅड एक्स मालिका, डेलची लॅटिट्यूड ७००० मालिका, एचपीची एलिटबुक ८०० मालिका यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या रोजच्या वापरासाठीच बांधलेल्या असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि मोठ्या शहरांतल्या संगणक बाजारांत असे नग मिळतात.

प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक पिढ्यांवर अधिकृतपणे चालत नाही. लॅपटॉप सुरू करून बायोसमध्ये जाऊन पाहा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर नग घेऊ नका. मग विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा. प्रत्येक पोर्टात काहीतरी लावून पाहा, प्रत्येक कळ दाबा, स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग बघा. बिल घ्याच. चोरीचा नग नाही याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे राहतो.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी चार सेटिंग करून टाका. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप स्लीपमध्ये न जाता हायबरनेट होईल असं करा. स्लीपमधला विंडोज लॅपटॉप बॅगेत मध्येच जागा होतो, तापतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी संपवतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ही सोय आहे. दुसरं, कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी बॅटरी पूर्ण चार्ज करा. तिसरं, डिस्क एन्क्रिप्शन सुरू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरात ठेवा. लॅपटॉप चोरीला गेला तर निदान कागदपत्रं परक्याच्या हाती लागत नाहीत. चौथं, फोनच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवा, नाहीतर विंडोजचं अपडेट दिवसाचा डेटा गिळतं.

स्टेशन आणि हॉटेलातल्या फुकट वायफायपेक्षा स्वतःचा हॉटस्पॉट बरा, निदान बँकेच्या आणि कार्यालयाच्या कामासाठी तरी. रेल्वेत बऱ्याच गाड्यांमध्ये रात्री चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा संध्याकाळीच चार्ज करून घ्या. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत क्लाउडवर आणि एक घरच्या डिस्कवर असू द्या. फिरता लॅपटॉप पडण्याची, भिजण्याची, हरवण्याची शक्यता टेबलावरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

पावसाळ्यात बॅगेच्या पावसाळी कव्हरवर विसंबू नका. लॅपटॉप आत वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण पाणी पाठीकडून आणि चेनमधूनही येतं. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जर लावू नका, सुरू होतो का हे पाहायचा मोह टाळा, हेअर ड्रायर वापरू नका आणि सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका. लिथियम बॅटरीचं आयुष्य सर्वांत जास्त घटतं ते उष्णतेने. गादीवर ठेवून काम केलं की खालची हवेची जाळी बंद होते, म्हणून खाली एखादी पाटी किंवा मोठं पुस्तक घ्या.

लहान लॅपटॉपवर वाकून तासन् तास बसू नका. तो बाहेरच्या कामासाठी आहे. घरी असाल तेव्हा स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि वेगळा कीबोर्ड, माऊस जोडा. जमलं तर एक साधा मॉनिटर घ्या. यूएसबी-सीवरून चित्र आणि चार्जिंग दोन्ही जात असेल तर एका वायरीत डेस्क तयार होतो. घरी मोठी स्क्रीन असली की बाहेरसाठी १५ इंची लॅपटॉप घ्यायचं कारणच उरत नाही.

तीन-चार वर्षांनी बॅटरी निम्म्यावर येईल. तेव्हा लोक नवा लॅपटॉप शोधू लागतात. तसं करण्याआधी बॅटरी बदला, स्टोरेज वाढवता येत असेल तर वाढवा, आतली धूळ साफ करून घ्या. स्क्रीन, कीबोर्ड आणि रॅम पहिल्या दिवशी नीट पारखून घेतली असेल तर एवढ्या खर्चात तो आणखी दोन-तीन वर्षं सहज काम देतो. फुगलेली बॅटरी दिसली तर मात्र थांबू नका: लॅपटॉप वापरणं बंद करा आणि बॅटरी कचऱ्यात न टाकता सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.